खोडरबरानं जवळ आणलेला तारा

मी ताऱ्यांची अंतरं मोजायचं काम केलं असं सांगितलं की लोक हमखास विचारतात, जागरणं फार झाली असतील ना? खरं सांगायचं तर मी पहिला तारा मोजला तो सकाळी दहा ते दुपारी चारच्या दरम्यान, नगरजवळच्या केडगावातल्या एका बैठ्या घराच्या मागच्या खोलीत. खिडकीतून ऊन येत असायचं आणि बाहेर भांडीवाली ओरडत जात असायची. डोळ्याला डोळा न लागण्याची वेळ माझ्यावर एकदाच आली, आणि तिचं कारण तारा नव्हता, खोडरबर होतं. ते सगळं लिहून ठेवायचं पुष्कळ दिवस मनात आहे. आता पन्नाशी मागे पडली आहे, तेव्हा फार थांबण्यात अर्थ नाही.

आमचं घर पुणे रस्त्यापासून दोन गल्ल्या आत. पुढच्या खोलीत आईची पिठाची गिरणी आणि मागच्या दोन खोल्यांत आई, दादा आणि मी. सकाळी सातला पट्टा फिरायला लागला की भांड्यांच्या फळीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणायला लागत. गिरणीत ज्वारी पडली की आवाज भरून यायचा, बाजरी पडली की थोडा बारीक व्हायचा, आणि डाळ असली तर कडकड वाजायची. अंथरुणातूनच मी सांगायचे की आज पहिला डबा कुणाचा असणार. आईच्या भुवया वर्षभर पांढऱ्या असत. आता माझ्याही तशाच झाल्यात, पण त्या धुऊन जात नाहीत.

दादा म्हणजे माझे वडील. पारनेरकडच्या जिरायती रानातून आधी नगरला आणि मग सुप्याच्या एका कारखान्यात आले. तिथे ते इन्स्पेक्शनला होते. तयार झालेला प्रत्येक भाग मायक्रोमीटरनं मोजायचा आणि पास की नापास ते ठरवायचं. सवय घरातही सुटत नसे. ताटातली भाकरी बोटांनी चाचपून म्हणायचे, "डाव्या अंगाला जाड हाय." आई तव्यावरून मान न वळवता म्हणायची, "मग रिजेक्ट करा आन् उपाशी ऱ्हावा." दादा मुकाट्यानं तुकडा मोडून शेंगोळ्यात बुडवायचे. हुलग्याचे शेंगोळे आईसारखे मी नंतर कुठेही खाल्ले नाहीत. लसणाचा तो वास दळणाच्या वासात मिसळायचा आणि माझ्या कॉलेजच्या वह्यांनाही लागायचा.

मी तेव्हा नगरला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. प्रॅक्टिकलच्या वहीत रीडिंग जुळवण्यात मी वर्गात पटाईत. उत्तर किती यायला हवं ते पुस्तकात छापलेलं असायचं. तिथून उलटं येत आकडे भरायचे, मध्ये एखादा मुद्दाम थोडा वाकडा टाकायचा, की सही मिळाली. हे चुकीचं आहे असं तेव्हा वाटतसुद्धा नव्हतं, कारण सगळेच तसं करत होते.

पाठक सर आमच्याकडे गहू दळायला टाकायचे आणि डबा न्यायला विसरायचे. दक्षिणेतल्या एका वेधशाळेत उभी हयात काढून ते निवृत्तीनंतर वडिलांच्या केडगावातल्या घरी एकटेच राहायला आले होते. पंचांग सांगणाऱ्या घराण्यातले, पण त्यांना कुणी मुहूर्त विचारला की म्हणायचे, "मला ताऱ्यांचं फक्त अंतर कळतं, त्यांचं तुमच्याशी काय बिनसलंय ते नाही कळत." एका दुपारी आईनं मला त्यांचा डबा पोचवायला पाठवलं. सर मागच्या खोलीत होते. हातात पाटीएवढी काच, खिडकीसमोर धरलेली. काच राखाडी, आणि तिच्यावर हजारो काळे ठिपके.

"हे काय आहे सांग बरं," त्यांनी विचारलं.

"एक्स-रे?"

"बरोबर. कुणाचा?"

"आकाशाचा," ते म्हणाले आणि स्वतःच खूश होऊन हसले. वेधशाळेत पूर्वी अशा काचांवर फोटो घेत. आकाश उजळ, तारे काळे. नवी यंत्रं आली तेव्हा या काचा आणि त्या मोजायचं यंत्र, दोन्ही भंगारात निघालं होतं. सरांनी रीतसर अर्ज करून आपल्या एका ताऱ्याच्या काचा आणि ते यंत्र मागून घेतलं, आणि टेम्पोत घालून केडगावला आणलं. यंत्र म्हणजे एक मोठा सूक्ष्मदर्शक. त्यात कोळ्याच्या धाग्यासारखी एक तार दिसायची. स्क्रू फिरवून ती तार ठिपक्याच्या बरोबर मधोमध आणायची आणि बाजूच्या चकतीवरचा आकडा लिहून घ्यायचा, बस. पण सरांच्या डोळ्यांत बरोबर मधल्या जागी धुकं जमायला लागलं होतं. कडेचं दिसायचं, ज्याच्याकडे बघावं तेच दिसायचं नाही. "काचा आल्या आणि डोळे गेले," असं ते अगदी सहज सांगायचे, बस चुकली म्हणून सांगावं तसं.

दुसऱ्या दिवसापासून मी कॉलेज सुटलं की त्यांच्याकडे जायला लागले.

त्यांचा तारा अगदी मंद होता. नुसत्या डोळ्यांना दिसणं तर सोडाच, काचेवरही मधोमध बोट ठेवून दाखवावा लागे. त्याला नाव नव्हतं, यादीतला एक लांबलचक क्रमांक होता. सर तरुण असताना त्यांच्या लक्षात आलं, की हा ठिपका शेजारच्या ठिपक्यांच्या मानानं दर वर्षी पुढे सरकतोय, चांगलाच वेगानं. शिवाय त्याच्या उजेडावरून दिसत होतं की त्याच्यात धातू फार कमी आहेत. म्हणजे तो फार जुना. आपला सूर्य जन्मायच्या पुष्कळ आधीचा, विश्वात धातू नीटसे तयार झाले नव्हते तेव्हाचा. हे मी रात्री जेवताना सांगितलं तेव्हा दादा एकदम सावरून बसले. धातू हा त्यांचा विषय.

"धातू कमी म्हंजी? लोखंड कमी?"

"लोखंड, कॅल्शियम, कार्बन, सगळंच. हायड्रोजन आणि हेलियम सोडून बाकी सगळ्याला ते धातूच म्हणतात."

"कार्बनला धातू?" दादांचा घास हातातच राहिला. "आमच्या कारखान्यात आसं बोललं तर गेटाच्या भायेर काडतील. तुझं सर शिकलेलं हायेत ना नक्की?"

खरा प्रश्न अंतराचा होता. सुप्याहून बसनं येताना जवळच्या बाभळी भराभर मागे पळतात आणि लांबच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या जागच्या हलत नाहीत, तसंच हे. पृथ्वी सहा महिन्यांत सूर्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाते. तेवढ्यानं जवळचा तारा किंचित डोलल्यासारखा दिसतो, लांबचा दिसत नाही. तो डोल मोजला की अंतर निघतं. सरांनी तरुणपणी अकरा काचा मोजून साठ प्रकाशवर्षं असं उत्तर काढलं होतं. त्यांचे वरिष्ठ भर सभेत म्हणाले, "इतक्या जवळ असून इतका मंद? या रंगाचा असला तारा असूच शकत नाही. पाठक, तुमचा हात हलला असेल." सगळे हसले. सर पुढे दुसऱ्या कामाला लागले, पण दर वसंतात आणि दर शरदात, दुर्बीण मोकळी मिळाली की त्या ताऱ्याचा एक फोटो घेत राहिले. अशा साठ-सत्तर काचा जमल्या होत्या, दोन लाकडी पेट्यांत, एकीत वसंतातल्या आणि एकीत शरदातल्या.

पहिल्याच दिवशी सरांनी मला बजावलं होतं, "तार नेहमी डावीकडून आणायची. काच संपली की स्क्रू पूर्ण मागे न्यायचा आणि पुन्हा डावीकडून." दोन दिवस मी तसं केलं. पण स्क्रू मागे न्यायला फार वेळ लागायचा, मनगट भरून यायचं. मग मी एक युक्ती काढली. एक काच वसंताच्या पेटीतली घ्यायची आणि ती डावीकडून उजवीकडे मोजत जायचं. उजव्या टोकाला पोचलं की शरदातली काच घालायची आणि ती उजवीकडून डावीकडे मोजत परत यायचं. वेळ जवळजवळ निम्मा. सरांना दिसत नव्हतं आणि मी सांगितलं नाही. ते शेजारच्या खुर्चीत बसून मेतकूट-भाताचं ताट मांडीवर घेऊन मला गणित शिकवायचे, आणि आईनं पाठवलेल्या शेंगोळ्यांचा वास आला की गणित अर्धवट सोडायचे.

श्रावण संपता संपता सगळ्या काचा झाल्या. सरांनी दाखवलेल्या रीतीनं मी घरी बसून हिशेब केला. उत्तर वजा आलं. वजा म्हणजे तारा उलट्या बाजूला डोलत होता, जे शक्यच नाही. तीनदा केलं, तीनदा वजा. सकाळी सरांना काय सांगायचं? तुमचे वरिष्ठ म्हणाले होते तेच खरं? त्या माणसानं डोळे जाईपर्यंत वाट बघितली होती.

आकडे पेन्सिलीत होते. साठ हे उत्तर यायला काय यायला हवं ते मला नीट माहीत होतं. खोडरबर शोधायलासुद्धा उठावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी "एकसष्ट" म्हणाले तेव्हा सर खुर्चीतून उठले, खिडकीपाशी गेले आणि बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. मग वळून म्हणाले, "तुझ्या आईला सांग, रविवारी मी जेवायला येतोय. आमंत्रणाची वाट बघत नाही."

आईनं रविवारी मासवडीचा घाट घातला. तीळ-खोबऱ्याचं सारण, वर बेसनाचं आवरण आणि सोबत तिखटजाळ रस्सा. सरांचं नाक वाहत होतं, डोळे वाहत होते आणि ते आणखी वाढा म्हणत होते. आई कौतुकानं बघत होती. दादांनी हात धुतले आणि म्हणाले, "वैजे, ती वही आन की. बगू तर खरं माझ्या लेकीचं काम."

वही देण्यावाचून इलाज नव्हता. ते भिंतीला टेकून बसले आणि एकेका आकड्यावरून बोट फिरवत खाली येऊ लागले. पहिली पानं भरभर झाली. मग एका पानावर बोट हळू झालं. नंतरच्या पानावर थांबलं. त्यांनी वर बघितलं, माझ्याकडे, मग सरांकडे. सर आईला वेधशाळेतल्या माकडांच्या गोष्टी सांगत होते. दादांनी वही मिटली. "झ्याक हाय," म्हणाले.

सरांना कोपऱ्यापर्यंत पोचवून ते परत आले. गिरणी बंद होती, रविवार होता. घरात इतकी शांतता मला आठवत नाही.

"किती बदलल्यास?"

"काय?"

"आमच्याकडं पोरं जेवनाच्या सुट्टीआधी अशीच रीडिंग भरत्यात. खरी रीडिंग अशी गुण्यागोविंदानं येत न्हाईत, वैजे. एक हिकडं जातं, एक तिकडं जातं. ही सोळाच्या सोळा शानी पोरं कुठनं आली?"

त्यांनी मोजूनही ठेवली होती. बरोबर सोळा. मी रडायला लागले. वजा उत्तराचं, सरांच्या वरिष्ठांचं, सगळं सांगितलं. मला वाटलं दादा चिडतील. त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. "माझी दुसरी पाळी हाय. सकाळी मी पन येतो. पन बोलायचं तू."

त्या रात्री मी जागी होते. ही ती एक रात्र.

सकाळी सरांच्या अंगणात उभं राहून मी एका दमात सांगून टाकलं. सर ऐकत होते. चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही, हळूहळू उतरलं, आणि ते बघणं फार वाईट होतं. मग त्यांनी विचारलं, "मूळ आकडे?"

"खोडलेत. पण कागदावर दाब उमटलाय. उजेडात तिरका धरला तर दिसतो."

त्यांनी पान उन्हात धरलं, मान वळवून डोळ्याच्या कडेनं बघत राहिले. "आजपासून पेन," म्हणाले. "आणि ऐक. तुला साठ हा आकडा मी सांगायलाच नको होता. आकडा माझा होता, तू फक्त मला खूश केलंस." मग वही मिटून म्हणाले, "तर वजा. म्हणजे हात हललाच होता."

"सर," दादा दारातून म्हणाले, "मशीन बगू का?"

ते यंत्रापाशी खाली बसले. स्क्रूवर हात ठेवला, डोळे मिटले आणि तो हळूहळू फिरवला, पुढे, मागे. टोकाला नेला, पुन्हा पुढे-मागे. मग मधोमध आणला आणि तिथेच घुटमळले. "हितं प्ले हाय, ढिलं फिरतंय. टोकाला न्हाई, मधीच. समद्यांनी मधीच काम केलं आसंल, स्क्रू तिथं झिजलाय." त्यांनी डोळे उघडले. "तुमचा तारा कुटं आस्तो काचंवर?"

"मधोमध," सर म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

"आन् तार कुठनं आनायची?"

"नेहमी डावीकडून. मी हिला..." सर थांबले. दोघांनी माझ्याकडे बघितलं. मग तेही सांगावं लागलं, की वसंत डावीकडून आणि शरद उजवीकडून. एकाच सकाळी दोन कबुल्या! मधला झिजलेला स्क्रू उजवीकडून आलं की तार एका जागी ठेवायचा, डावीकडून आलं की दुसऱ्या. म्हणजे दर शरदात मीच तारा उलटा ढकलत होते, केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाइतका. पण आमचा सगळा शोधच तेवढ्या लांबीचा होता.

मला वाटलं सर आता मला दार दाखवतील. ते मोठमोठ्यानं हसायला लागले. हसता हसता खोकला आला, दादांनी पाठीवर थोपटलं. "चाळीस वर्षं खगोलशास्त्र केलं," ते खोकत म्हणाले, "आणि झिजल्या स्क्रूचं मला पिठाच्या गिरणीच्या मालकांनी सांगावं!"

"गिरनी तिची हाय," दादा म्हणाले. "मी नुसता ऱ्हातो तिथं."

दिवाळीच्या सुट्टीत मी सगळ्या काचा पहिल्यापासून मोजल्या, रोज दहा ते चार, पेननं, डावीकडून. दादांनी यंत्रावर लाल रंगानं बाण काढला. आणि कारखान्यात करतात तसं आणखी एक केलं. एका सकाळी येऊन प्रत्येक काचेवरच्या तारखेच्या चिठ्ठीवर कोरा कागद चिकटवला, वर स्वतःचे नंबर टाकले आणि काचा पत्त्यांसारख्या मिसळल्या. कुठली वसंतातली आणि कुठली शरदातली ते फक्त त्यांच्या खिशातल्या यादीत. मला हवं असतं तरी जुळवता आलं नसतं. त्या तीन आठवड्यांत घरात चकल्या तळल्या जात होत्या, शेजारी फटाके उडत होते, आणि मी एका डोळ्यानं एकाच ठिपक्याकडे बघत होते. इतकं सुख मला त्याआधी कशात मिळालं नव्हतं.

शेवटच्या दिवशी दादांनी यादी वाचली, मी कॅल्क्युलेटरवर हिशेब केला आणि सर डोळे मिटून बसले. उत्तर अधिक आलं. नव्वद.

"साठ नाही," मी म्हणाले. "नव्वद प्रकाशवर्षं."

"चूक किती असंल?" दादांनी विचारलं.

"दहा, इकडे किंवा तिकडे."

सरांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग डोळे उघडले. "नव्वद! अगं, मग तो मला वाटला होता तितका मंद नाहीच. कमी धातूंचा खुजा तारा जेवढा मंद असावा, तेवढाच आहे. आमचे साहेब बरोबर हसले, साठला तो बसतच नव्हता. आणि मीही बरोबर, तारा जवळचाच आहे, म्हाताराच आहे. आणि दीडपट लांब म्हणजे दीडपट वेगानं पळतोय, लबाड!" ते उठून खोलीत फेऱ्या मारायला लागले. मी खोडरबरानं त्यांना जे साठ दिलं होतं ते त्यांच्या जुन्या चुकीचीच नक्कल होती, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. त्यांना खूश करायच्या नादात मी तो प्रश्न त्यांच्यासाठी कायमचा बंद करून टाकला असता.

एका परदेशी नियतकालिकात दीड पानाचं टिपण छापून आलं. पाठक आणि शेळके, म्हणजे सर आणि मी. दादांचं नाव सर आभारात घालणार होते. दादा म्हणाले, "नाव न्हाई घातलं तरी चालंल, पन पैली मापं टाकून दिली ते लिवा. आन् का टाकली ते बी लिवा." सरांनी दोन्ही घातलं. पुढे मी पुण्याला गेले, तेच शिकले आणि तेच करत राहिले. सर आणखी सहा वर्षं होते.

आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आहे आणि अंतरं आकाशातले उपग्रह मोजतात, कोट्यवधी ताऱ्यांची, एकदम. त्यांची यादी सर्वांसाठी खुली झाली त्या दुपारी मी ऑफिसात बसून तो लांबलचक क्रमांक टाकला. आकडा आला आणि मी लगेच केडगावला फोन लावला. दादा आता थकलेत, एका कानानं ऐकू येत नाही, म्हणून ओरडून सांगावं लागलं. शेजारच्या टेबलावरची मुलं बघायला लागली.

"दादा, आपला तारा! उपग्रहानं मोजलाय! शहाऐंशी!"

"आपल्या चुकीच्या आत हाय का?"

"आहे! चारचाच फरक!"

मग दादा म्हणाले, "सरांना सांगाया पायजे हुतं गं." आणि पुढे, "पन त्यांनी आदी ईचारलं आसतं, त्या उपग्रहाचा स्क्रू कुनी बगितला का म्हनून."

आम्ही दोघंही इतके हसलो की शेवटी आईनं फोन काढून घेतला आणि मला विचारलं, जेवलीस का.